ळ ला गाडी न्हाय

१२ नोव्हेंबर

पाटी आजपण कोरी. 'अ' काढून दिला, ठळक, माझ्या हातानं. तनूनं त्याला थुंकी लावली, बोटानं पुसला आणि म्हणाली, "नाना, गाडी आली." आली म्हंजे खरंच आली होती. बारामती–इंदापूर. ह्या पोरीला फाट्यावरचा हॉर्न ऐकू येतो, शेजारी बसलेल्या आजोबाचं ऐकू येत नाही.

सूनबाई सकाळी बजावून गेलेली, "नाना, जूनपर्यंत हिला सगळी अक्षरं आली पायजेत." ती आणि संदीप मोटारसायकलवर बारामतीला जातात. तो कंपनीत, ती मेडिकलच्या दुकानात. अंगणवाडी सुटली की पोरगी माझ्या ताब्यात. सगळी नोकरी एसटीत कंडक्टरकी केली. भरल्या गाडीत भांडणं सोडवली, दारूडे उतरवले. आणि साडेचार वर्षांच्या नातीला एक 'अ' शिकवता येईना.

माझी ही असती तर पदर तोंडाला लावून हसली असती. गणपतीच्या आधी गेली. बारामतीच्या दवाखान्यातनं परत आलीच नाही. तेव्हा तनूला आजोळी बावड्याला ठेवलेलं. सगळं उरकल्यावर पोरगी घरी आली, आजी कुठाय म्हणाली. सूनबाई म्हणाली, गावाला गेली. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

सिंगल बेल. म्हंजे गाडी थांबलेली. दिवसपण तसाच.

१७ नोव्हेंबर

अंगणवाडीच्या सुरेखाबाईंनी बोलावून घेतलं. मला वाटलं पोरगी कुणाला चावली. तर म्हणाल्या, "नाना, तनूला घरी लिहायला बसवता का?" म्हटलं, मी बसवतो, ती बसत न्हाय.

"मग नका बसवू. बोटं कवळी हायेत अजून. पेन्सिलीच्या आधी बोटांना दुसरी कामं द्या. कणीक मळू द्या, शेंगा सोलू द्या, मातीत रेघा मारू द्या. तिला काय आवडतं ते बघा. त्यातच अक्षर घाला."

आत पोरं चिंचोके मांडून नागमोडी वाट करत होती. एक बारकं पोरगं ताटातल्या वाळूत बोट फिरवत होतं. नुसता पीळ निघालेला. बाई म्हणाल्या, "काय लिहिलंस, वाच की." त्यानं पिळावर बोट ठेवून घडाघडा वाचलं, आमची म्हस याली, रेडकू झालं, पप्पा खूष. एवढं सगळं त्या रेघेत होतं म्हणे.

मनात म्हटलं, खेळून वाचता आलं असतं तर आमच्या गुरुजींनी एवढ्या छड्या कशाला मोडल्या.  घरी येऊन पाटी मात्र माळ्यावर टाकली.

२४ नोव्हेंबर

ओट्यावर गाडी उभी केली. चार खुर्च्या, पालथी बादली ड्रायव्हरला, वरनं दोरी आणि दोरीला बैलाच्या गळ्यातली जुनी घंटा. मी ड्रायव्हर, तनू कंडक्टर. माझा तिकिटाचा पंच रिटायर होताना डेपोत जमा झाला, म्हणून तिला पकड दिली. पेपरच्या चिठ्ठ्यांना भोकं पाडत हिंडली. पकड दाबायला दोन्ही हात लागतात, जीभ बाहेर येते. बाई म्हणत होत्या ती बोटांची कामं हीच असतील.

ताटाचं स्टेअरिंग फिरवलं, तर गाडी थांबवली तिनं. "पाटी कुठाय नाना? पाटी न्हाय तर माणसं कशी चढतील?"

खरंच की. पुठ्ठा कापला, खडूनं बारामती लिहिलं. तिनं 'ब' वरनं बोट फिरवलं. पोटातली तिरकी रेघ परत एकदा ओढली. कुणी सांगितलं नव्हतं. मी श्वास धरून बसलो, न जाणो बोललो तर सोडून देईल.

डबल बेल. म्हंजे गाडी सुटली. लय दिवसांनी.

५ डिसेंबर

सकाळी धुकं. समोरच्या उसाला तुरे आलेत, धुक्यात नुसते तुरेच तरंगताना दिसतात, खाली ऊस आहे का नाही कळत नाही. तनू गोधडी पांघरून ओट्यावर. आधी गाडीचे दिवे, मग आवाज, मग पाटी. लांबनंच म्हणते, "इं." इंदापूर ओळखते ती डोक्यावरच्या टिकलीवरनं. भिगवणच्या वेलांटीला म्हणते, ती वाकून चालल्याली. बावडा आणि बारामती बघून म्हणाली, "ही दोघं भावकीतली हायेत का?" म्हटलं, तोंडावळा एक हाय, गावं लांब.

अंगणवाडीत भांडण काढलं. तक्त्यावर ब बदकाचा. ही म्हणते ब बारामतीचा. बाई म्हणाल्या, बदकाचापण हाय की. तर म्हणाली, "बदकाला गाडी न्हाय." निम्मी पोरं तिच्या बाजूनं उभी राहिली. बाई मला फाट्यावर भेटल्या तेव्हा हसू आवरेना त्यांना. आता अंगणवाडीत पण गाडी चालू केलीय, पोरांच्या नावांच्या पाट्या लावून.

संदीपला सांगितलं रात्री जेवताना. म्हणाला, "नाना, ही कंडक्टरच व्हायची." सूनबाई म्हणाली, "होऊ दे. पण लिहायला कवा लागंल?" झालं. मी भाकरी मोडली.

११ डिसेंबर

तक्ता बघून आली. दारातच विचारलं, "नाना, ळ कुठल्या गावाचा?"

मी डोक्यात जिल्हा पालथा घातला. सगळे डेपो, सगळे फाटे, पार सोलापूरपर्यंत गेलो. ळ नं चालू होणारं एक गाव सापडेना. सगळ्या नोकरीत ळ चं तिकीट कधी फाडलं नाही आणि कधी ध्यानातपण आलं नाही. म्हटलं, "ळ ला गाडी न्हाय."

आत गेली. मग कळंबची पाटी घेऊन आली. बोट मधे ठेवलं. "हितं बसलाय की." मग मला माळेगाव लिहायला लावलं. "हितंबी बसलाय. ह्यो दुसऱ्याच्याच गाडीत बसतो नाना. त्येला सवताचं गाव न्हाय?"

"नसंल."

"मग उतरतो कुठं?"

 एवढ्या पॅसेंजरांनी डोकं खाल्लं, असला प्रश्न कुणी केला नाही. ती पाटीला डोळा लावून बसलेली. म्हणाली, ळ आजीच्या चष्म्यासारखा दिसतो. दोन गोल आणि मधे दांडी. मी बघितलं तर खरंच तसाच. मग मी उठून गुरांचं पाणी बघायला गेलो.

२० डिसेंबर

दुपारी ओट्यावर डोळा लागला. स्वप्नात गाडी रिकामी, मी एकटा उभा. खिडक्यांतनं उसाचे तुरे आत आलेले. मागच्या सीटवर ही बसलेली, मांडीवर मेथीची जुडी, निवडतेय. म्हटलं, कुठलं तिकीट देऊ? वर न बघता म्हणाली, "तुमालाच ठावं." मी पेटीत तिकीट शोधतोय, सगळ्या तिकिटांवर चिंचोके चिकटवलेले.

जाग आली तर तनू कणकेचा ळ करून माझ्या पोटावर ठेवत होती. गार लागला. तसाच पडून राहिलो.

हिची लय आठवण येते. कुणाला सांगायची सोय नाही, पोरगी कायम जवळ असते.

४ जानेवारी, रविवार

सगळे भिगवणला गेलो, उजनीचं पाणी आणि पक्षी दाखवायला. फाट्यावरच्या हॉटेलातली पाटी तनूनं वाचली, "मासे". गाडीच्या पाटीवरचा शब्द नाही, आपला आपण लावून वाचला. संदीपनं तिला खांद्यावर घेतली. सूनबाईनं माझ्याकडं बघितलं आणि पानात मासा वाढला मला जास्त.

होडीत बसलो. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं, मधे रोहित पक्ष्यांची गुलाबी ओळ. होडी हलते का पक्षी हलतात समजेना.  तेवढ्यात तनू होडीवाल्याला म्हणाली, "काका, हितनं ळ ला होडी जाती का?"

त्यानं वल्हं थांबवलं. "ळ? आसलं गाव न्हाय बाय हितं. पाण्याखाली आसलं तर आसंल. लय गावं गेली धरणात."

सगळे हसले. तनू हसली नाही. होडीच्या काठावरनं वाकून पाण्यात बघत राहिली.  मला वाटलं दमली.

१४ जानेवारी

संक्रांत. हिच्याशिवाय पहिली. सूनबाईनं तिळाचे लाडू केले, थोडे कडक झाले, तरी सगळ्यांनी खाल्ले.

तनूनं ताटात तीळ पसरले. म्हणाली, "नाना, आजीचं नाव कसं आसतं?" बोट धरून काढलं, कमळ. हिला सगळे कमळच म्हणायचे, रेशनकार्डावरपण तेच. तनूनं एकेक अक्षरावर बोट ठेवलं. "क कळंबचा. म माशाचा." तिसऱ्यावर बोट आलं आणि थांबलं.

"नाना, ह्यो हितं उतरतो."

म्हटलं, "व्हय, शेवटीच हाय तो."

"म्हंजे आजी ळ ला गेली. म्हणून तिला येता यीना. तितं गाडी न्हाय."

हात तसाच ताटात राहिला माझा. धुक्यात गोधडी घेऊन बसायची, पाट्या वाचायची, मला वाटायचं खेळ रंगलाय. पोरगी आजीच्या गावची पाटी शोधत होती. आम्ही गावाला गेली म्हणालो. कंडक्टरच्या घरातल्या पोरीला गाव म्हटलं की पाटी आली, पाटी आली की गाडी आली. ती रोज गाडीची वाट बघत होती. आणि मी तिला गावंच्या गावं वाचायला शिकवत होतो, फुशारकीनं.

२० जानेवारी

तीनदा बोलणं काढलं. संदीप म्हणतो, तुमी आन् तुमची सून बघा. सूनबाई म्हणते, "लहान हाय नाना. इसरंल. आता कुठं वाचाय लागली, आन् तुमी हे सांगितलं तर सगळं सोडून दील." डोळे भरले तिचे. सासू म्हणून नाही, आईसारखी होती ही तिला. गावाला गेली म्हणाली तेव्हा तिचं तिलाच खरं सोसवत नव्हतं.

सुरेखाबाई म्हणतात खरं सांगा, सोप्या शब्दांत सांगा. पोरांना गाव म्हटलं की गावच वाटतं.

दोघींचंपण पटतं. भीती ही की मी तोंड उघडलं आणि पोरीचं वाचणं माझ्या हातनं मिटलं तर. आज इंदापूर गाडी आली, "इं" म्हणाली आणि मी तिच्या तोंडाकडं बघायचं टाळलं.

२८ जानेवारी



दुपारी ओट्यावर पेंगलो. जाग आली ती हॉर्ननं. फाट्यावर गाडी उभी, कळंबची. तरणा कंडक्टर तनूचा हात धरून रस्ता ओलांडून येत होता. मागं उसाच्या ट्रॉल्यांची रांग खोळंबलेली. पायात चप्पल नाही पोरीच्या.

"नाना, नात ना तुमची? दारातनं चढली. म्हटलं बाळा कुठं, तर म्हणती ळ, एक हाफ. म्हटलं ळ कुठाय, तर पाटीकडं बोट दावती, म्हणती ह्यात बसलाय, त्यो उतरंल तितं उतरणार. आन् येताना एक हाफ, एक फुल. फुल कुणाचं, तर म्हणती आजीचं."

त्याला वाटलं गंमत. मग माझं तोंड बघितलं. पाठीवर हात ठेवून गेलं पोरगं.

कळंब बरोबर वाचलं तिनं. एकटीनं, चालत्या रस्त्यापलीकडनं. ह्याचं कौतुक करू का डोकं आपटून घेऊ. ट्रॉलीखाली आली असती तर. पुढं लिहवत नाही.

२९ जानेवारी

सांगितलं.

ओट्यावरच्या खुर्च्यांत बसलो, ती माझ्या शेजारी. म्हटलं, "तनू, आजी गावाला न्हाय गेली. आजी वारली. लय आजारी होती, दवाखान्यातच वारली. आता ती कुठल्या गाडीनं यायची न्हाय. आन् आपल्यालाबी तिकडं जाता येत न्हाय."

"ळ ला?"

"ळ नावाचं गावच न्हाय बाळा. ते नुसतं अक्षर हाय."

"कवाच यायची न्हाय?"

"कवाच न्हाय."

"मग आई गावाला का म्हणली?"

"आईला रडू येत हुतं म्हणून."

तनू म्हणाली, चष्मा? म्हटलं, कपाटात हाय. आणून दिला. दोन्ही काचांवर बोट फिरवलं तिनं, गोल, गोल. मग चष्मा घेऊन आत गेली. मी रडलो. पोरीनं बघितलं का नाही ते माहीत नाही.

सिंगल.

६ फेब्रुवारी

गाड्या येतात, जातात. ती बघत नाही. पाट्या सगळ्या पालथ्या घातल्यात भिंतीला लावून. काल मुद्दाम म्हटलं, ही कुठली गं आली? म्हणाली, "म्हायती न्हाय." बारामती होती.

सूनबाई संध्याकाळी म्हणाली, "सांगितलंत ना, बघा आता." मग आत जाऊन भांडी जोरात घासत बसली.  तिचं बरोबर असेल तर मी काय करू.

१६ फेब्रुवारी

खुर्च्या उचलणार होतो. सुरेखाबाई अंगणवाडीतनं जाताना थांबल्या. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या नाना. खुर्च्या उचलू नका. दोरीबी काढू नका." म्हटलं, पोरगी तिकडं काय करते? "वाळूच्या ताटात गोल काढती आन् पुसती. मी विचारत न्हाय. बोट चालतंय तिचं, तेवढं बास."

खुर्च्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची धूळ बसते. मी रोज सकाळी पुसतो. शेजारचे तात्या म्हणाले, कुणी पावणे यायचेत का. म्हटलं, गाडी हाय ती. येड्यात काढलं असेल त्यांनी. काढू दे.

२५ फेब्रुवारी

झोपताना माझ्याकडं आली, गोधडीत शिरली. म्हणाली, "नाना, तुमाला आजी सपनात येती का?"

"येती."

"काय करती?"

"मेथी निवडती."

"माझ्या सपनात पाण्यात आसती. तिला दिसत न्हाय नीट. चष्मा हितंच ऱ्हायला ना." एवढं बोलून झोपली. मी तिच्या केसांवर हात ठेवून पडून राहिलो.

९ मार्च

दुपारी डोळा लागलेला. घंटेनं जाग आली. एकच ठोका.

ओट्यावर खुर्च्या ओळीत लावलेल्या. पुढं नवी पाटी. पुठ्ठा तिनंच कापलेला, वाकडातिकडा. त्यावर खडूनं एकच अक्षर. ळ. एक गोल मोठा, एक बारका, दांडी भलतीकडंच गेलेली, पण ळ च. कुणी गिरवून दिला नाही, कुणी हात धरला नाही. पोरीनं आपल्या हातानं लिहिलेलं पहिलं अक्षर हे. सूनबाई 'अ' ची वाट बघतेय जूनपर्यंत.

मागच्या खुर्चीवर उशी. उशीवर हिचा चष्मा.

म्हटलं, "कंडक्टर, ही गाडी कुठं?"

"ळ."

"ळ ला तर गाडी न्हाय ना गं."

"म्हायताय मला. म्हणून तर काढली." आणि पकड हलवत, "चला, पुढं सरका."

सरकलो पुढं. जन्मभर लोकांना म्हणत आलो, आज मला कुणीतरी म्हणालं. चिठ्ठीला भोक पाडून दिलं मला. मग मागं जाऊन उशीवरपण एक ठेवली.

तिला सगळं समजलंय का अजून वाट बघतेय, मला खरंच सांगता येत नाही. विचारावं वाटलं, धीर झाला नाही. समोरनं एक गाडी गेली. मान न वळवता म्हणाली, "इं." तोंड फिरवून डोळे पुसले मी.

मग दोरी माझ्या हातात दिली. "नाना, बेल तुमी द्या."

"सिंगल का डबल?"

ती चिठ्ठ्या मोजल्यासारख्या करत बसली.

सूनबाई आली तेव्हा ऊन उतरलेलं. दारात थांबली. पाटी बघितली, चष्मा बघितला. मला वाटलं आता बोलेल. पर्स खाली ठेवली, पदर खोचला आणि चढली, चष्म्याशेजारच्या खुर्चीत बसली. तनूपुढं हात केला तिकिटाला. तनूनं भोक पाडून दिलं आणि माझ्याकडं बघायला लागली.

तिघं बसून होतो. दोरी माझ्या हातात. बेल अजून दिलेली नाही.